ग्रहण नव्हे, धूर : कोपीतल्या गर्भाचा हिशेब कोण देणार?

बाळ फाटलेल्या ओठाचं जन्मलं की माजलगाव तालुक्यातल्या वस्त्यांवर पहिला प्रश्न बाळंतिणीलाच येतो : ग्रहणात काही चिरलं होतंस का? सासू विचारते, शेजारीण विचारते, आणि लाजेची गोष्ट ही, की घरात बुद्धवंदना घेणारेही विचारतात. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावल्या आहेत, पण ग्रहण मागच्या दाराने आत आलंच. पूर्वजन्मीच्या पापाचा जो हिशेब मनुवाद्यांनी आपल्या माथी मारला, तोच आपण बाईच्या पोटावर मांडतोय.

मित्रहो, प्रश्न विचारायचाच तर धुराबद्दल विचारा. दसरा-दिवाळीला निघालेली जोडी, म्हणजे कारखान्याच्या भाषेत 'एक कोयता', चार-पाच महिने ताडपत्रीच्या कोपीत राहते. गावातला गॅस गावातच राहतो. कोपीच्या तोंडाशी तीन दगडांची चूल, त्यात ओली काटकी आणि पाचट. पहाटे भाकरी, रात्री भाकरी. फडात कुणी पाचट पेटवलं तर तो धूर वेगळा. बैलगाडीवाल्या टोळ्या कारखान्याजवळच उतरतात, तिथे चिमणीची काजळी वाळत घातलेल्या लुगड्यावर दिसते. फुफ्फुसातली दिसत नाही, एवढाच फरक.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. जन्मजात व्यंगाचं कारण एकच नसतं. फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता, रुबेला, काही औषधं, आनुवंशिकता, मामाच्या मुलीशी होणारी लग्नं (यावर आपण कधी बोलणार?), आणि कितीतरी बाळांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. एखाद्या बाळाकडे बोट दाखवून 'हे धुरामुळेच' म्हणणं विज्ञान नाही. पण धुराचा संबंध हवेत काढलेला नाही. चीनच्या शानशी प्रांतात घरोघर कोळसा जळतो. तिथे मेंदू-मणक्याचं व्यंग असलेल्या बाळांच्या वारेत, अर्धवट जळणातून निघणाऱ्या पीएएच रसायनांचं प्रमाण जास्त आढळलं. हे संशोधन 2011 चं. कॅलिफोर्नियात वाहनांच्या धुराचा अशाच व्यंगांशी आणि हृदयदोषांशी संबंध दिसला आहे.

आता वेळेचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळा लेख इथेच आहे. गर्भाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत बंद होते. हृदयाची मुख्य घडण साधारण आठव्या आठवड्यापर्यंत उरकते. तेव्हा बाईला दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं. पाळी चुकली तर ती म्हणते, कामाने चुकली असेल. आशाताईकडे नोंद, फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या, मातृवंदनेचा अर्ज हे सगळं त्यानंतरचं. म्हणजे 'गरोदर मातेची काळजी' या नावाची योजना दारात पोचते, तोवर अवयव घडून गेलेले असतात.

भारतासह चार देशांत सुमारे 3,200 गरोदर बायकांवर एक मोठा प्रयोग झाला, आपल्याकडे तो तामिळनाडूत झाला. निम्म्या बायकांना गॅस दिला. धूर कमी झाला, पण बाळांच्या वजनात म्हणावा तसा फरक पडला नाही, असं 2022 मध्ये प्रसिद्ध झालं. 'मग गॅसचा उपयोग काय' असं म्हणणारे भेटतील. त्यांना विचारा, गॅस कधी दिला? नवव्या ते विसाव्या आठवड्यात दाखल झालेल्या बायकांना. प्रयोग वजनाचा होता, व्यंगाचा नव्हे. पण व्यंग टाळायचं तर एवढा उशीर चालणारच नाही. म्हणून मागणी गरोदर बाईपुरती नको. प्रत्येक कोपीला गॅस, हंगामाच्या पहिल्या दिवसापासून.

हे अशक्य नाही. उज्ज्वलाच्या 2021 च्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणा चालते. पाच किलोची टाकी मिळते. पण ती भरायची कुणी? उचल फेडणाऱ्या बाईने? 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडलं होतं, की प्रसूतीच्या आगेमागे मातेला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने त्या खर्चाचा वाटा उचलावा. 1929 मध्ये तो कायदा झाला. राज्यघटनेच्या कलम 42 मध्ये प्रसूती साहाय्य आहे. 2017 पासून नोकरदार बाईला 26 आठवडे पगारी रजा आहे. ऊसतोड बाईला काय? नेमणूकपत्र नाही, मालक कोण ते मुकादमालाच विचारायचं, आणि एक दिवस बसली तर खाडा.

शासनाचा स्वच्छ हवा कार्यक्रम 2019 पासून आहे. तो शहरांचा. मराठवाड्यातली औरंगाबाद, जालना, लातूर त्यात आहेत, बीड जिल्ह्यातलं एकही गाव नाही. कोपी तर कुठल्याच नकाशात नाही. तिथे राहतं कोण? बौद्ध, मातंग, वंजारी, बंजारा, आणि जमीन आटलेले मराठेही.

मोजलं की दिसतं. 2019 च्या सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली, तेव्हा कुठे विधानभवन हललं. तसंच हेही मोजायला लावू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून जन्मजात व्यंगाची तपासणी होते. त्या नोंदीत दोन ओळी वाढवा : पहिल्या दोन महिन्यांत आई कुठे होती, आणि स्वयंपाक कशावर करत होती. हे निवेदन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पावसाळ्यातच द्यायचं, कारण मुकादम उचल वाटतात ते दिवसही तेच. ज्या बैठकीत उचल ठरते, त्याच बैठकीत कारखान्याच्या खर्चाने भरलेली टाकी ठरली पाहिजे.