जैसलमेर बघून आलात, आता नान्नजला चला

दिवाळीनंतर आमच्या ओळखीतली तीन कुटुंबं दोन गाड्या काढून जैसलमेरला गेली. तुळजापूरपासून एका बाजूचंच दीडेक हजार किलोमीटर. आठ दिवस स्टेटसवर वाळू, उंट, खडक. अकलला दगड झालेली झाडं बघितली, डेझर्ट नॅशनल पार्कात लांबून एक गोडावण दिसला. आल्यावर टपरीवर मला म्हणाले, "काय पक्षी आहे राव! आपल्याकडं असलं काहीच नाही."

अहो, गोडावण म्हणजे आपला माळढोक!

त्याच्यासाठी सोलापूर-नगरच्या माळांवर 1979 साली अभयारण्य झालं, 8,496 चौरस किलोमीटरचं. नान्नज इथून दीड तासावर. पण कागदावर रेघा मारताना त्यात लोकांची शेतं, गावं सगळी अडकवली. जमिनीच्या व्यवहाराला खोळंबा झाला की शेतकरी पक्ष्यावरच चिडणार, त्याचं काय चुकलं? पुढं क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर पक्षी जवळजवळ संपला होता. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. अंगानं जड, समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारेला धडकून मरतो. राजस्थान-गुजरातेतल्या तारांचा विषय सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आपल्याकडं साधी चर्चा नाही.

खरा घोटाळा एका शब्दात आहे, 'पडीक'. सरकारी नकाशात खुरटं गवत-झुडपांचा माळ म्हणजे वेस्टलँड. एकदा पडीक म्हटलं की कुणीही यावं. रात्री हायवा लावून मुरूम न्या, दिवसा जेसीबीनं खड्डे पाडून झाडं लावा आणि फोटो काढा. माळावर दाट झाडं लावणं म्हणजे माळढोक, काळवीट, लांडगा, खोकड यांचं घर मोडणंच आहे. हे बोललं की मी झाडांचा वैरी ठरतो! मेंढपाळाला विचारा, माळ पडीक आहे का.

2024 च्या डिसेंबरात टिपेश्वरचा वाघ चारशे-साडेचारशे किलोमीटर चालत येडशीच्या रामलिंग अभयारण्यात आला. जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं जंगल, शेजारून हायवे. त्या जनावराला बालाघाट दिसला. आपल्याला दिसली फक्त 'दहशत'. मीही तेच शीर्षक दिलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि दगड? साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण आपल्या घराच्या पायात आहे, तोच नळदुर्गच्या तटात. बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल बघायला पावसाळ्यात झुंबड उडते, तीही नर-मादी धबधब्यापुढं सेल्फीपुरती. लाखो भाविक आईच्या दर्शनाला येतात, त्याच रस्त्यानं परत जातात. तीर्थक्षेत्राच्या आराखड्यावर एवढं बोललं जातं, त्यात नळदुर्ग-येडशी-नान्नज अशी एक गाडी सोडा म्हणून कोण मागणी करतं? गावातल्या चार पोरांना गाईड म्हणून काम मिळेल. माळाचे पैसे मिळायला लागले की मुरूमवाल्याला गावच अडवेल.

रविवारी पहाटे पाचला मी नान्नजला निघतोय. माळढोक दिसेल असं सांगत नाही, काळवीट बहुतेक दिसतील. गाडीत तीन जागा आहेत. जैसलमेरवाल्यांना पहिला मान. डिझेल माझं, चहा तुमचा.