पुराव्यावाचून निवाडा नको

स्त्रीचे स्त्रीवर प्रेम जडले म्हणजे तिचे मन रोगी, असा निवाडा मानसशास्त्राने दीर्घकाळ दिला. त्याला पुरावा कोणता? बहुतांशी, उपचारासाठी आलेल्यांची टिपणे! तुरुंगातील कैदी पाहून अख्ख्या गावाला गुन्हेगार ठरविण्यासारखेच हे झाले.

इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ जून हॉपकिन्स यांनी अशा २४ स्त्रियांची, वय, बुद्धी व शिक्षण यांत त्यांच्या तोडीच्या अन्य २४ स्त्रियांशी तुलना केली. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात मनोरुग्णतेचा आरोप टिकला नाही; उलट त्या अधिक स्वतंत्र व स्वावलंबी आढळल्या. १९७३ साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी प्रेम रोगांच्या यादीतून वगळले.

परंतु ध्यानात ठेवा, ४८ स्त्रियांच्या उत्तरांवर कोणाचाही हक्क अवलंबून नसतो. त्या स्वावलंबी ठरल्या नसत्या, तरी त्यांचे माणूसपण तिळभरही उणे झाले नसते. चाचणी खोटा आरोप खोडून काढते. हक्क मात्र जन्मासोबतच येतो.

उद्या आपली कन्या असे काही सांगू लागली, तर तिला वैद्याकडे वा बोहल्याकडे ओढू नका. प्रथम तिची साक्ष ऐका.