परक्या ओळीचे ऋण

आचार्य जिनसेन आणि महाकवी कालिदास यांच्याविषयी एक कथा सांगितली जाते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या सभेत कालिदास आला आणि त्याने आपले ‘मेघदूत’ मोठ्या अभिमानाने वाचून दाखविले. तो अभिमान सभेतील मुनींना रुचला नाही. विनयसेन मुनींच्या आग्रहावरून जिनसेन म्हणाले, “काव्य उत्तम आहे, पण ते एका जुन्या ग्रंथातून चोरलेले आहे.” कालिदासाने तो ग्रंथ मागितला. ग्रंथ दूरच्या गावी आहे असे सांगून जिनसेनांनी काही दिवसांची मुदत घेतली आणि तेवढ्यात ‘पार्श्वाभ्युदय’ रचले. मेघदूताची प्रत्येक ओळ त्यात आलेली होती. ते भर सभेत वाचले गेले, कालिदास दिङ्मूढ झाला आणि मग जिनसेनांनी खरा प्रकार उघड केला.

योगिराज पंडिताचार्य या टीकाकाराने नोंदवलेली ही कथा ऐकावयास गोड आहे, पण खरी नाही. ती खोटी ठरविणारा पुरावा एका जिनालयाच्याच भिंतीवर कोरलेला आहे. कर्नाटकातील ऐहोळे येथील मेगुटी जिनालयाच्या शिलालेखात जैन कवी रविकीर्तीने कालिदास आणि भारवी यांच्या कीर्तीचा उल्लेख केला आहे. लेखाचे वर्ष शके 556, म्हणजे इ.स. 634. अमोघवर्ष गादीवर आला तो 814 च्या सुमारास. म्हणजे कालिदासाची कीर्ती दगडावर कोरली गेली, त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी हा राजा राज्य करू लागला.

कालगणना क्षणभर बाजूस ठेवली तरी दुसरी अडचण उरतेच. सत्य महाव्रत धारण केलेल्या दिगंबर मुनीने, विनोदासाठी का होईना, भर सभेत दुसऱ्यावर चोरीचा आळ घ्यावा, ही कल्पना पचनी पडत नाही. जिनसेनांना थोर ठरविण्याच्या भरात कथाकाराने त्यांना लहानच केले. त्यांनी प्रत्यक्षात जे केले ते या कथेहून कितीतरी मोठे आहे.

दुसऱ्या कवीची ओळ घेऊन तिच्याभोवती नवा श्लोक रचण्याच्या कलेला आपल्याकडे समस्यापूर्ती किंवा पादपूर्ती म्हणतात. राजसभांतून ती बहुधा चातुर्याची कसोटी म्हणून चाले. एक विचित्र ओळ द्यावयाची, कवीने तिला अर्थपूर्ण श्लोकात बसवावयाचे आणि पागोटे मिळवावयाचे. जिनसेनांनी एखादी ओळ घेतली नाही, अख्खे मेघदूत घेतले. पार्श्वाभ्युदयाचे चार सर्ग आणि 364 श्लोक आहेत. कुठे एका श्लोकात कालिदासाची एक ओळ, कुठे दोन, आणि उरलेल्या जिनसेनांच्या. ढोबळ हिशेबाने एक हिस्सा कालिदासाचा, तर दोन हिस्से जिनसेनांचे. वृत्तही तेच ठेवणे भाग होते. मंदाक्रांतेच्या प्रत्येक ओळीत सतरा अक्षरे, त्यांचा लघुगुरुक्रम ठरलेला आणि चौथ्या, दहाव्या व सतराव्या अक्षरावर विराम. परक्या ओळीतील एक मात्राही हलवावयाची नाही, आणि तरी तिच्याकडून वेगळेच काम करून घ्यावयाचे.

हे काम कोणते? मेघदूतात कर्तव्यात चुकलेला एक यक्ष वर्षभरासाठी घरापासून दूर रामगिरीवर पडला आहे आणि मेघाच्या हाती पत्नीला निरोप धाडतो आहे. पार्श्वाभ्युदयात कथा आहे कमठ आणि मरुभूती या दोघा भावांची. धाकट्या भावाच्या पत्नीशी दुराचार केल्याबद्दल राजाने कमठाला देशाबाहेर घालविले. तरीही मरुभूती त्याची क्षमा मागण्यास गेला आणि कमठाने शिळा घालून त्याचा प्राण घेतला. अनेक जन्मांनंतर मरुभूतीचा जीव भगवान पार्श्वनाथ झाला आणि कमठाचा जीव शंबर नावाचा यक्ष. ध्यानस्थ पार्श्वनाथांना पाहताच त्याचे जुने वैर जागे होते.

इथे दोन्ही काव्यांचा सांधा जुळतो. दोन्हीकडे यक्ष आहे, दोन्हीकडे अपराध आणि हद्दपारी आहे, दोन्हीकडे मेघ आहे. पण कालिदासाचा मेघ प्रेमाचा दूत, तर जिनसेनांचा मेघ उपसर्गाचे साधन. विरही मनाला हळवे करणारा तोच गडगडाट येथे एका योग्याला आसनावरून हलविण्यासाठी योजिला आहे. शंबर धमकावतो, युद्धाचे आव्हान देतो, अलका नगरीच्या आणि स्त्रियांच्या सौंदर्याचे प्रलोभन दाखवितो. कालिदासाच्या शृंगारिक ओळी बहुतेक याच प्रलोभनाच्या कामी आल्या आहेत. ओळीचे अक्षर तेच, पण ती कोणाच्या तोंडी आहे हे बदलल्याबरोबर तिचे मूल्य पालटते. आणि ज्याला उद्देशून हे सारे चालले आहे, तो एक शब्दही बोलत नाही. अखेरीस धरणेंद्र आणि पद्मावती येतात, भगवंतांना केवलज्ञान होते आणि शंबर पश्चात्तापाने नमतो. काही ठिकाणी ओळ बसविताना ओढाताण झाली आहे, हे मात्र मान्य करावयास हवे. अर्थासाठी शब्द पिळावे लागतात आणि टीकेवाचून श्लोक सुटत नाही.

आता ऋणाचा प्रश्न. सावकारी वहीत ज्याची रक्कम त्याच्या नावावर जमा धरली नाही तर ती वही खोटी ठरते. जिनसेनांची वही चोख आहे. काव्याच्या शेवटी ते कालिदासाचे नाव घेऊन, त्याच्या काव्याचे गुण मान्य करून, हे काव्य मेघदूताला वेढून रचले असल्याचे सांगतात. आपल्या काव्यापुढे इतरांची काव्ये फिकी पडावीत अशी कविसुलभ इच्छाही तेथेच आहे, आणि विनयसेन मुनींच्या प्रेरणेचा उल्लेखही. ज्याने स्वतःच मूळ धनको नोंदविला, त्याच्यासाठी चोरीची कथा रचण्याची गरजच नव्हती. मराठी गझलकार ‘तरही’ लिहिताना परकी ओळ अवतरणचिन्हांत ठेवून मूळ शायराचे नाव देतात, ती हीच रीत. व्हॉट्सॲपवर नाव पुसून फिरणाऱ्या कवितांना हा हिशेब कोणी विचारत नाही.

पुढे जैन कवींत ही वाट चांगलीच रुळली. विक्रम कवीने ‘नेमिदूत’ रचले, भक्तामर स्तोत्राच्या चौथ्या चरणांवर अनेक स्तोत्रे उभी राहिली, आणि उपाध्याय मेघविजयांनी तर औरंगाबादहून सौराष्ट्रातील आपल्या गुरूंना मेघदूताच्या चरणांवर आधारलेले पत्रच पाठविले.

पण जिनसेनांच्या कर्जाची खरी फेड झाली ती पुण्यात, हजार वर्षांनंतर. मेघदूताच्या पोथ्यांत श्लोकांची संख्या सारखी नाही. काश्मिरी टीकाकार वल्लभदेवाने 111 श्लोक धरले, इतरांनी अधिक. मूळ पाठ कोणता, हा पंडितांपुढे पेच होता. काशिनाथ बापू पाठक यांच्या ध्यानी आले की, वल्लभदेवाच्याही आधीची एक प्रत पार्श्वाभ्युदयाच्या पोटात सुरक्षित आहे. त्यांनी ओळी वेगळ्या काढल्या आणि 1894 साली त्या आधारे मेघदूताची आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात 120 श्लोक भरले. त्यांतील काही कालिदासाचे नसावेत असे पुढील अभ्यासक मानतात. पण नवव्या शतकात दक्षिणेत मेघदूत कोणत्या रूपात वाचले जात होते, हे त्या मुनींनी जशाच्या तशा ठेवलेल्या ओळींवरून आज मोजून सांगता येते.