आंबट जमीन, स्वस्त युरिया आणि बेपत्ता चुना



गेल्या हंगामाच्या तोंडावर एका आठवडी बाजारात एक इसम टेबल मांडून बसला होता. टेबलावर पाण्याचे दोन ग्लास, रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या आणि पांढऱ्या भुकटीच्या पिशव्या. 'रासायनिक खतांनी तुमची जमीन आंबट झाली, म्हणून पऱ्हाटीला बोंडे धरत नाहीत,' असे तो ठासून सांगत होता. माझ्यासमोर चौघांनी पिशव्या घेतल्या. भुकटी साध्या चुन्याची, भाव मात्र डाळीचा. त्या चौघांपैकी दोघांची वावरे मी पाहिली आहेत. नांगरलेल्या तासात अनवाणी चालले तर चुनखडीचे खडे टोचतात. अशा रानाला चुना विकणाऱ्याने शेतकऱ्याला काय लावले, ते वेगळे सांगायला नको.

आपल्या कापूस-ज्वारीच्या काळ्या जमिनीचा सामू बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ असतो. सात म्हणजे ना आंबट ना खारी. सातच्या खाली आंबट, वर विम्ल. आपली जमीन वरच्या बाजूला आहे. तिच्यात आणखी चुना घातला तर स्फुरद, लोह आणि जस्त अधिकच अडकून बसतात. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात दुखणे सोडियमचे आहे. तिथे चुनखडी मातीत आधीच पडून आहे, पण विरघळत नाही. म्हणून जिप्सम लागते. खात्री करायची असेल तर संडास धुवायच्या आम्लाचे दोन थेंब ढेकळावर जपून टाका. फसफसले तर चुन्याला एक पैसाही घालवू नका.

मग या बैठकीच्या पत्रकात चुन्याचा विषय कशाला? कारण ज्यांना चुना खरोखर हवा आहे, तेही शेतकरीच आहेत आणि त्यांना तो मिळत नाही. कोकण, जव्हार-मोखाडा, पेठ-सुरगाणा, अकोल्याचा नव्हे तर अकोले तालुक्याचा घाटमाथा, इथे पावसाने जमिनीतला चुना हजारो वर्षे धुऊन नेला आहे. देशात सुमारे ४ कोटी ९० लाख हेक्टर शेतजमीन आम्लधर्मी मानली जाते. त्यापैकी २ कोटी ६० लाख हेक्टरांचा सामू ५.६ च्याही खाली आहे. झारखंड, ओडिशा, छत्तीसगड, आसाम. जिथे माणूस विकण्यासाठी कमी आणि खाण्यासाठी जास्त पिकवतो, नेमका तोच मुलूख.

सामू साडेपाचच्या खाली गेला की मातीतले ॲल्युमिनियम विरघळते आणि मुळांची टोके मारते. मूळ आखूड, जाड, खुरटे होते. पावसाने आठ दिवस ताण दिला की पीक माना टाकते आणि शेतकरी नशिबाला दोष देतो. घातलेला स्फुरद लोह-ॲल्युमिनियम गिळून टाकते. तूर-उडदाच्या मुळांवर गाठी धरत नाहीत. नाचणी बिचारी तग धरते, कडधान्य धरत नाही.

आता सरकारची करणी पाहा. १ एप्रिल २०१० पासून खतांच्या अनुदानाची नवी पद्धत आली. युरिया तेवढा तिच्यातून वगळला. ४५ किलोची गोणी वर्षानुवर्षे २६६ रुपये ५० पैशांच्या भावात बांधून ठेवली. शेतकऱ्यावर केवढे हे प्रेम! पण युरियातील प्रत्येक किलो नत्रामागे जमिनीत जी आंबटाई येते, ती मारायला साधारण १.८ किलो शुद्ध चुनखडी लागते. हिशेब करा: एका गोणीत २०.७ किलो नत्र, म्हणजे सुमारे ३७ किलो चुनखडी. गोणीला जवळपास गोणीच झाली. आपल्या काळ्या रानात ही चुनखडी मातीच पुरवते, म्हणून आपल्याला कळतही नाही. तांबड्या, जांभ्या मातीने ती कुठून आणायची? अमोनियम सल्फेट तर याच्या तिप्पट आंबट करते. रांचीजवळ कांके येथे १९५६ पासून चाललेल्या प्रयोगात ते दिसले आहे: नुसते अमोनियम सल्फेट घातलेल्या वाफ्यांत मका येईनासा झाला, चुना किंवा शेणखताची जोड दिलेले वाफे टिकले. तेव्हा कोणी आम्हाला माहीत नव्हते म्हणू नये.

अन्नसुरक्षा अभियानात चुन्यासाठी हेक्टरी थोडी मदत कागदावर होती. पण कृषी केंद्रात जाऊन चुनखडीची भुकटी मागून पाहा. दुकानदार पानाचा डबा पुढे करील.

पुस्तकी शिफारस हेक्टरी दोन ते चार टन चुन्याची. दोन एकरांच्या आदिवासी शेतकऱ्याला ती सांगणे म्हणजे थट्टाच. चुनखडी महाग नाही. महाग आहे ते तिचे भाडे. आपल्या वणी, राजुरा, कोरपन्याच्या भुईत चुनखडीच चुनखडी, पण ती जाते सिमेंटच्या भट्टीत. यावर वाट निघालेली आहे. सगळे शेत पांढरे न करता, पेरणीच्या तासातच बारीक भुकटी हेक्टरी दोन ते चार क्विंटल, दरसाल द्यायची. म्हणजे एकरी ८० ते १६० किलो, दोन-तीन पोती. भुकटी पिठासारखी हवी, वाळूसारखी चुरी कामाची नाही. युरियात किंवा ताज्या शेणात कालवू नये, नत्र वासाबरोबर उडून जाते. ओडिशात कागद गिरणीचा चुनखडी गाळ आणि झारखंडात पोलाद कारखान्याची मळी वापरून पाहिली आहे, तीही चालते. भाताच्या खाचरात पाणी साचले की सामू आपोआप सातकडे सरकतो; म्हणून पहिली दोन पोती वरकसावरच्या कडधान्याला, भुईमुगाला द्यावीत. तिथे रॉक फॉस्फेटही लागू पडते, जे आपल्या काळ्या रानात मातीमोल जाते.

चुलीतली लाकडाची राख म्हणजे चुना आणि पालाश दोन्ही. कोकणातला शेतकरी राब भाजतो, त्यात हेही एक शहाणपण आहे. राबाने जंगल बुडते म्हणून त्याला दटावणाऱ्या साहेबांनी बदल्यात किती पोती चुना दिला?

आमचे म्हणणे सरळ आहे. युरियाच्या गोणीत कोंबलेला पैसा शेतकऱ्याच्या हातात हेक्टरी रोख द्या. मग जव्हारवाला चुना घेईल, दर्यापूरवाला जिप्सम घेईल, कोणी शेणखत घेईल. युरिया महाग होईल, हे कबूल. लपवायचे कारण नाही. पण कोरडवाहू कापूस-ज्वारीवाला युरिया वापरतो किती? ओलिताच्या उसापुढे मूठभर. गोणीवर मोजले तर आपला वाटा मूठभर, हेक्टरवर मोजले तर आपला वाटा बरोबरीचा. या एका कारणासाठी तरी चुन्याचे भांडण आपलेही आहे.

राहिली माती तपासणी. १९ फेब्रुवारी २०१५ ला मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली, तेव्हा कोरडवाहूत दहा हेक्टरांना एक नमुना, असा नियम होता. म्हणजे शेजाऱ्याच्या खारीचा आकडा तुमच्या नावावर! बैठकीला येताना आपापली पत्रिका घेऊन या. सामूच्या रकान्यात काय लिहिले आहे आणि नमुना कोणत्या गटातून उचलला, ते आपण सगळ्यांसमोर वाचू. ज्यांच्या नावावर दुसऱ्याच्या वावराची माती चढली आहे, त्यांचे अर्ज तिथेच लिहून घेऊ.