घटस्फोटाचा विमा : विनोदामागचा हिशेब

दक्षिण कोरियाच्या टीव्हीएन या वाहिनीवर ३१ मार्च ते ६ मे २०२५ या काळात बारा भागांची एक विनोदी मालिका प्रसारित झाली. तिचे नाव 'द डिव्होर्स इन्शुरन्स', म्हणजेच 'घटस्फोटाचा विमा'. प्राइम व्हिडिओमुळे ती कोरियाबाहेरच्या प्रेक्षकांपर्यंतही पोहोचली. कोरियन मालिकांचा उल्लेख होताच राजवाडे, सूडकथा किंवा पावसात भिजणारी प्रेमी जोडपी डोळ्यांसमोर येतात. येथे मात्र सारे नाट्य घडते ते एका विमा कंपनीच्या कार्यालयात. बैठकांच्या खोल्या, आकडेमोडीचे फलक, वरिष्ठांची मंजुरी आणि तिच्यासाठी चाललेली धावपळ हे वातावरण बँकेत काम करणाऱ्या कोणालाही परके वाटणार नाही.

मालिकेचा नायक नो गी-जुन हा ॲक्च्युअरी, म्हणजे संभाव्यतेच्या गणितावरून विम्याचा हप्ता ठरविणारा विमागणिती. ही भूमिका ली डाँग-वुक या लोकप्रिय नटाने केली आहे. या गृहस्थाचे स्वतःचे तीन विवाह मोडलेले आहेत. माणसाला अपघात, आजार, आग यांविरुद्ध विमा मिळतो, मग संसार मोडण्याविरुद्ध का मिळू नये, असा प्रश्न त्याला पडतो आणि कंपनीचा एक छोटा गट या नव्या योजनेच्या मागे लागतो. गटातील कांग हान-डुल ही अंडररायटर, म्हणजे प्रस्ताव स्वीकारावा की नाकारावा हे ठरविणारी अधिकारी. तीही नुकतीच घटस्फोटाच्या अनुभवातून बाहेर पडली आहे. धोक्यांची पाहणी करणारा सहकारी आन जॉन-मान स्वतः पराकोटीचा सावध आहे. कोरियन भाषेत 'आन्जॉन' म्हणजे सुरक्षितता, तेव्हा या नावातच लेखकाने कोटी केली आहे.

मायदेशी या मालिकेला मोठे यश लाभले नाही. प्रारंभी लाभलेला प्रेक्षकवर्ग पुढील भागांत टिकला नाही. तरीही तिने मांडलेला प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे, असे मला वाटते. संसार मोडतो तेव्हा होणाऱ्या आर्थिक हानीचा भार कोणी उचलावा, हा तो प्रश्न होय.

हा विषय निघताच आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया कोणती येईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. 'शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली' ही म्हण आपण सारेच ऐकत आलो आहोत. अक्षता पडण्यापूर्वीच विभक्त होण्याची भाषा करणे अभद्र मानले जाते, आणि या भावनेचा उपहास करण्याचे कारण नाही. परंतु हाच आक्षेप एके काळी आयुर्विम्यावरही घेतला जात होता. मरणाची भाषा केली की मरण ओढवते, घरधन्याच्या मृत्यूवर पैसे मिळविणे हे पाप आहे, असे मानणारी माणसे थोडीथोडकी नव्हती. मुंबईत १८७० मध्ये बॉम्बे म्युच्युअल ही संस्था स्थापन झाली व भारतीयांना नेहमीच्या दराने विमा देऊ लागली. तेव्हापासून आजपर्यंतच्या वाटचालीत समाजाने एक गोष्ट स्वीकारली आहे. संकटाचा विचार करणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे नव्हे. मांडवाला आग लागू नये अशी प्रार्थना करावी आणि पाण्याची बादलीही भरून ठेवावी, यात विसंगती नाही.

तरीदेखील घटस्फोटाचा विमा काढता येईल का, या प्रश्नाचे माझे उत्तर नकारार्थी आहे. त्याचे कारण भावनेत नसून विम्याच्या शास्त्रात आहे. ज्या घटनेचा विमा उतरवायचा ती आकस्मिक आणि विमेदाराच्या इच्छेबाहेरची असावी लागते. घराला आग लागावी असे सहसा कोणाला वाटत नाही. घटस्फोट मात्र दोघांच्या किंवा निदान एकाच्या निर्णयाने होतो. दुसरी अडचण निवडीची. ज्यांच्या संसारात कुरबुरी आहेत तेच असा विमा घेण्यास प्रथम धावतील, आणि सुखी जोडपी फिरकणारही नाहीत. याला विमाशास्त्रात प्रतिकूल निवड म्हणतात. तिसरी अडचण वर्तनाची. भरपाई मिळणार हे ठाऊक असले की तडजोडीचा प्रयत्न सैल पडतो. काही जोडपी तर कागदोपत्री विभक्त होऊन रक्कम वाटून घेण्यासही कमी करणार नाहीत.

यावर विमा व्यवसायाजवळ प्रतीक्षा कालावधीचा उपाय आहे. आपल्याकडे आयुर्विमा घेतल्यापासून बारा महिन्यांच्या आत आत्महत्या झाल्यास पूर्ण विमा रक्कम मिळत नाही, आणि आरोग्य विम्यात पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठी काही काळ थांबावे लागते, ते याच कारणाने. घटस्फोटाच्या बाबतीत हा प्रयोग अमेरिकेत प्रत्यक्ष झालेला आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील एका कंपनीने २०१० मध्ये 'वेडलॉक' नावाची योजना आणली. दरमहा सुमारे १६ डॉलर भरल्यास १,२५० डॉलरचे संरक्षण, आणि चार वर्षे दावा करता येणार नाही, अशी तिची ढोबळ रचना होती. आता साधा गुणाकार करू. चार वर्षांत विमेदाराने भरले सुमारे ७६८ डॉलर आणि त्याला मिळणार १,२५० डॉलर. व्याज बाजूला ठेवले तर शंभर विमेदारांपैकी ६१ जणांनी मुदत संपताच दावा केला की कंपनीची सारी जमा संपते. प्रशासकीय खर्च धरला तर ती त्याआधीच संपेल. उलट विमेदाराच्या बाजूने पाहिले, तर १,२५० डॉलरमध्ये वकिलाची थोडीफार फी निघेल, नवे घर उभे राहणार नाही. कंपनीस धोकादायक आणि ग्राहकास अपुरे असे हे उत्पादन मोठी बाजारपेठ उभी करू शकले नाही, यात आश्चर्य नाही. मालिकेतील वरिष्ठ अधिकारी या कल्पनेपुढे कपाळाला आठ्या घालतात, तेव्हा व्यावसायिक दृष्ट्या त्यांचेच बरोबर असते.

मात्र जी हानी विम्यात बसत नाही ती हानीच नव्हे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. दक्षिण कोरियाचेच उदाहरण घ्यावे. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तेथील घटस्फोट झपाट्याने वाढले आणि २००३ मध्ये त्यांची संख्या सुमारे १ लाख ६७ हजारांवर गेली. २०२४ मध्ये ती सुमारे ९१ हजारांपर्यंत खाली आली. परंतु याच काळात वर्षाला होणारे विवाहही तीन लाखांवरून सुमारे २ लाख २२ हजारांवर उतरले, हे विसरता येणार नाही. दीर्घ संसारानंतर उतारवयात विभक्त होणाऱ्यांसाठी तर तेथे 'संध्याकाळचा घटस्फोट' अशा अर्थाचा शब्दच रूढ झाला आहे.

कोरियाने यावर विम्यापेक्षा कायद्याचा आधार घेतला. २००८ पासून परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी विचारविनिमयाचा काळ सक्तीचा झाला. अपत्य असल्यास तीन महिने, नसल्यास एक महिना. त्याहून महत्त्वाची तरतूद १९९९ पासून राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत आहे. विवाहाच्या काळात किमान पाच वर्षे वर्गणी भरली गेली असेल, तर त्या काळात जमा झालेल्या निवृत्तिवेतनाचा साधारणतः निम्मा वाटा घटस्फोटित जोडीदाराला वयाची अट पूर्ण झाल्यावर मिळू शकतो. जिने वीस वर्षे घर सांभाळले, तिच्या श्रमांवर नवऱ्याची नोकरी उभी होती, हे तत्त्व या तरतुदीने आकड्यांत मान्य केले. माझ्या मते घटस्फोटाचा खरा विमा तो हाच. त्याचा हप्ता रोखीत नव्हे, श्रमांत भरलेला असतो.

आपल्याकडील चित्र काहीसे विचित्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये मोटार अपघाताच्या भरपाईसंबंधीच्या एका निवाड्यात गृहिणीच्या श्रमांचे आर्थिक मूल्य ठासून मान्य केले आणि तिचे काल्पनिक उत्पन्न गृहीत धरण्यास पुष्टी दिली. म्हणजे गृहिणी अपघातात दगावली तर तिच्या कामाची किंमत होते, परंतु ती जिवंतपणी विभक्त झाली तर संसारात उभ्या राहिलेल्या मालमत्तेत तिचा आपोआप निम्मा हिस्सा ठरत नाही. पोटगीचा हक्क आहे, पण मालकीचा प्रश्न बहुधा कागदावर नाव कोणाचे, यावरच सुटतो. याला सन्माननीय अपवाद गोव्याचा. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालत आला आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते. आयकराच्या आकारणीतही या पद्धतीची दखल घेतली जाते. देशाच्या इतर भागांत राहणाऱ्यांनी गोव्याच्या या व्यवस्थेकडे कुतूहलाने नव्हे, अभ्यासाने पाहावे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत आपल्या हाती जे आहे त्याचा तरी उपयोग करावा, असे बँकेतील अधिकारी म्हणून मला आवर्जून सांगावेसे वाटते. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याचे सहावे कलम फार थोड्यांना ठाऊक असते. पतीने या कलमाखाली पत्नीच्या किंवा मुलांच्या हितासाठी आयुर्विमा घेतला, तर त्या पॉलिसीचा न्यास होतो. पतीच्या धनकोंना त्या रकमेवर हात टाकता येत नाही आणि पुढे मन फिरले म्हणून पतीला लाभार्थी बदलताही येत नाही. त्यासाठी प्रस्ताव भरतानाच तसे नमूद करावे लागते. विमा काढताना किती ग्राहक हा पर्याय विचारतात, आणि किती विक्रेते तो आपणहून सांगतात?

दुसरी बाब संयुक्त कर्जाची. पतिपत्नींनी मिळून गृहकर्ज घेतले असेल तर न्यायालयाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने ती जबाबदारी संपत नाही. बँकेच्या दृष्टीने दोघेही कर्जदार राहतात, दोघांचेही दायित्व संपूर्ण कर्जाचे असते, आणि हप्ता थकला तर दोघांच्याही पतइतिहासावर डाग पडतो. 'घर त्याला मिळाले, हप्ते तोच भरेल' हा दोघांमधील समझोता बँकेने लेखी मान्य करून नाव कमी केल्याखेरीज बँकेला बांधील नसतो. तिसरी बाब नामनिर्देशनाची. घटस्फोट झाला म्हणून बँक खात्यावरील नामनिर्देशन आपोआप रद्द होत नाही, ते खातेदारानेच बदलावे लागते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते आणि प्रत्येकीचा हिस्साही ठरविता येतो. या निमित्ताने जुने अर्ज उघडून पाहण्यास हरकत नसावी. चौथी बाब स्त्रीधनाची. ते संपूर्णतः स्त्रीच्या मालकीचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केले आहे. परंतु दागिन्यांच्या पावत्या नाहीत, यादी नाही आणि लॉकर केवळ पतीच्या किंवा सासऱ्यांच्या नावाने, अशा स्थितीत हक्क सिद्ध करणे कठीण जाते. वेगळा लॉकर, निदान संयुक्त लॉकर, ही चैन नव्हे.

कोणी म्हणेल की अशा हिशेबाने पतिपत्नींमध्ये अविश्वास वाढेल. मला तसे वाटत नाही. शाखेत रोज अनेक दांपत्ये येतात. ज्या पत्नीला घरातील ठेवी, कर्जे व विमा यांची माहिती असते, ती पतीकडे संशयाने पाहत असल्याचे दिसत नाही. उलट जिच्यापुढे फक्त सहीसाठी कागद सरकवला जातो आणि 'कशावर सही करतेस हे तुला काय करायचे' असे म्हटले जाते, तिच्या मनात काय चालत असेल, हे विचारण्याची सोय आपल्या अर्जात नसते. अंधारात ठेवलेला हिशेब विश्वास वाढवीत नाही. तो केवळ प्रश्न पुढे ढकलतो. शिवाय घटस्फोटासाठी सांगितलेली ही सारी तयारी वैधव्य, दीर्घ आजार किंवा जोडीदाराची नोकरी जाणे अशा प्रसंगीही तितकीच उपयोगी पडते. संसार आयुष्यभर सुखाचा झाला तरी तिचे मोल वाया जात नाही. घटस्फोटाच्या विम्याचा हप्ता मात्र सुखी जोडप्याला वाया गेल्यासारखाच वाटला असता.

विम्याची भाषा प्रेमाला लागू पडत नाही, हे खरे. कोणताही विमागणिती मनाचा दर काढू शकत नाही. परंतु प्रेम जेथे राहते त्या घराला भाडे असते, हप्ते असतात, मुलांच्या शाळेची फी असते, आणि या साऱ्याला गणित निश्चितच लागू पडते. तेव्हा आपल्या घरातील कोणत्या कागदावर कोणाचे नाव आहे आणि कोणत्या कागदावर ते असायला हवे, हे पतिपत्नींनी एका सुटीच्या दिवशी एकत्र बसून पाहावे. त्यासाठी कोणत्याही कंपनीचा हप्ता भरावा लागत नाही, आणि नामनिर्देशनाचा अर्ज प्रत्येक शाखेत विनामूल्य मिळतो.