विश्लेषण : ‘टेन्शन’ की थायरॉइड? अंदाज नको, तपासणी हवी

कापूस-सोयाबीनच्या भावाची चिंता, मुलांची फी, घरातले आजारपण. माहूर तालुक्यात शेतात राबणाऱ्या एखाद्या महिलेने थकवा, केस गळणे, वजन वाढणे अशी तक्रार केली की घरचे उत्तर ठरलेले असते : ‘टेन्शन घेऊ नको.’ सल्ला मायेचा असला तरी ते निदान नव्हे. थायरॉइडचे काम मंदावले तरी हीच लक्षणे दिसतात.

दोघांचा संबंध काय?

ताण आला की मूत्रपिंडांवरील अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात. या ग्रंथींना आणि थायरॉइडला आदेश मेंदूतील पिट्युटरीकडूनच मिळतात. कॉर्टिसॉल दीर्घकाळ फार वाढलेले राहिले, तर पिट्युटरीकडून येणारे टीएसएच घटू शकते. टी-४ या संप्रेरकाचे अधिक प्रभावी टी-३ मध्ये होणारे रूपांतरही मंदावते. उलट, थायरॉइड मंदावले तर शरीरातून कॉर्टिसॉलचा निचरा सावकाश होतो. थायरॉइड अतिसक्रिय झाले तर वेगाने.

मग ताणामुळेच थायरॉइडचा आजार होतो का?

तसे सरसकट म्हणता येत नाही. थायरॉइड मंदावण्यामागे बहुतेकदा शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला असतो. त्यामुळे केवळ ताण आहे म्हणून थायरॉइडची गोळी सुरू करू नये आणि प्राणायाम सुरू केला म्हणून चालू गोळी बंद करू नये. अॅड्रिनल ग्रंथी निकामी असताना आधी थायरॉइडची गोळी दिली तर जिवावर बेतू शकते. म्हणूनच शेजारणीची गोळी घेणे धोक्याचे.

काय व्हायला हवे?

टीएसएच ही रक्ताची साधी चाचणी आहे. मात्र नांदेडमधील विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय माहूरपासून शंभरहून अधिक किलोमीटरवर आहे. एका चाचणीसाठी दिवसाची मजुरी बुडत असेल, तर तपासणी लांबणीवर पडणारच. रक्ताचा नमुना तालुक्यातच घेतला जावा आणि अहवाल मोबाइलवर मिळावा, ही मागणी अवाजवी नाही.

तपासणीवेळी स्टेरॉइडची औषधे चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे. गंभीर आजारपणात अहवाल फसवा येऊ शकतो. अशा वेळी चाचणी पुन्हा करावी लागते. रेणुकामातेच्या नवरात्राचा उपवास असला तरी गोळी चुकवू नये. ती सकाळी रिकाम्या पोटी, पाण्यासोबत, चहाच्या अर्धा ते एक तास आधीच घ्यायची असते.

ताण खरा असतो आणि आजारही खरा असतो. एकाचे नाव सांगून दुसरा झाकू नये.