विश्लेषण : सर्व्हरवर ‘स्नॅपशॉट’ असूनही डेटा का जातो?

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हे रॅन्समवेअर जगभर पसरले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतील हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. फाइल कुलूपबंद करतानाच या व्हायरसने विंडोजने जपलेले स्नॅपशॉटही पुसले.

स्नॅपशॉट म्हणजे काय?

विंडोज सर्व्हर २००३ पासून ‘शॅडो कॉपी’ ही सोय आहे. ती डिस्कची त्या क्षणाची स्थिती जपते. मात्र पूर्ण डिस्कची नक्कल होत नाही. पुढे जो भाग बदलतो, त्याचा जुना डेटा तेवढा बाजूला ठेवला जातो. त्यामुळे चुकून डिलीट झालेली फाइल लगेच परत मिळते.

मग धोका कुठे?

न बदललेला भाग मूळ डिस्कवरच असतो. म्हणजे डिस्क गेली की स्नॅपशॉटही गेला. राखीव जागा भरली की जुने स्नॅपशॉट आपोआप पुसले जातात. ॲडमिनचे अधिकार हाती लागले, तर ‘व्हीएसएस-ॲडमिन’ या विंडोजमधल्याच टूलची एक कमांड सगळे स्नॅपशॉट उडवते. वॉनाक्रायने तीच वापरली.

काय करावे?

शॅडो कॉपी सुरू ठेवावी, पण तिला बॅकअप समजू नये. एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवावी आणि तिच्यातून डेटा खरोखर परत येतो का, हे अधूनमधून तपासावे.